ख्रिस्ती माणसांबद्दल राग का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नगर जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती. कुठे व्याख्यानाला गेलो, लग्नात कुणाशी ओळख झाली, की थोड्या वेळाने हे प्रश्न येतातच. कुणी कुतूहलाने विचारतं, कुणी चिडून, कुणी "राग मानू नका हं" म्हणत. तीच उत्तरं पुन्हापुन्हा देण्यापेक्षा एकदाच लिहून काढली आहेत. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक आहेत तरी किती?

२०११ च्या जनगणनेत सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. देशात २.३ टक्के. गोव्यात मात्र चौघांत एक. राज्यातली बरीच वस्ती मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यात, बाकीची नगर (आता अहिल्यानगर), पुणे, जालना, नागपूर अशी विखुरलेली.

"यांची संख्या झपाट्याने वाढतेय" हा मेसेज दर नाताळाला फिरतो, म्हणून एवढंही सांगतो: देशातलं प्रमाण १९५१ मध्ये २.३ टक्के होतं, १९७१ मध्ये २.६ आणि २०११ मध्ये परत २.३. अरुणाचल प्रदेशात मोठी वाढ झाली आहे, तिथे २०११ मध्ये प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं, हे खरंच आहे. "पण बरेच जण कागदावर हिंदूच राहतात," असं यावर कुणी म्हणेल. त्यातही तथ्य आहे, आणि त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

२. तुमची आडनावं गायकवाड, साळवे. वसईवाल्यांची डिसोजा, परेरा. असं का?

कारण आमचे इतिहास वेगळे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, ती थेट १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. त्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्याला नावासोबत पोर्तुगीज आडनावही मिळालं. नगरकडे आले ते अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी, एकोणिसाव्या शतकात. त्यांनी आडनावांना हात लावला नाही. वसईचा सामवेदी किंवा वाडवळ ख्रिस्ती घरात आपली बोली बोलतो, आम्ही नगरी मराठी बोलतो आणि रविवारी पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो. राग धरणाऱ्याला मात्र हे सगळं एकच. गोव्यात १५६० साली काय झालं (प्रश्न ४) याचा जाब मला श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर विचारला गेलाय.

३. राग नेमका कशाचा असतो?

येशूचा राग असलेला माणूस मला अजून भेटायचाय. त्याची तसबीर कितीतरी हिंदू घरांत देव्हाऱ्याशेजारी असते. माउंट मेरीच्या जत्रेला आणि हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं येतात.

राग असतो तो माणूस गेल्याचा. घरातला मुलगा, भावकीतलं कुटुंब, पाड्यावरचं एखादं घर आपल्यातून उठून दुसरीकडे गेलं, याचा. आणि ते एकटं जात नाही. श्राद्धाला बसणारं माणूस जातं, जत्रेची वर्गणी जाते, मत जातं, कधी जमिनीच्या वाट्याचा प्रश्न उभा राहतो. त्यावर मग पोर्तुगीजांचं, मिशनऱ्यांचं, परदेशी पैशाचं एकेक पांघरूण चढतं. ही पांघरुणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. काही अगदी खरी आहेत. पण खाली बहुतेक वेळा आपल्यातलं माणूस गेल्याचीच तक्रार निघते. पुढची बरीच उत्तरं याच अंगाने आहेत.

४. गोव्यात पोर्तुगीजांनी जुलूम केला हे तरी कबूल आहे ना?

कबूल आहे, आणि त्यात "पण" लावायची गरज नाही. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतलं. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, पुढे सासष्टी आणि बारदेशातली. मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून रातोरात नदीपलीकडे फोंड्याकडे न्यावी लागली. आजही ती दैवतं तिथेच आहेत. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं, तेव्हा वाटाघाटीला म्हणून बोलावलेल्या गावप्रमुखांचीच कत्तल झाली.

आता जी बाजू सहसा सांगितली जात नाही ती. इन्क्विझिशनचा मुख्य रोख बाटलेल्यांवर होता. बाप्तिस्मा घेऊनही घरात जुन्या चालीरीती पाळतात, हा आरोप. १७३६ च्या फर्मानात दारी तुळस लावायला बंदी, धोतर-चोळीला बंदी, इतकंच काय, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी. म्हणजे कोठडीत गेले ते मुख्यतः आजच्या गोवेकर ख्रिस्ती माणसाचेच पूर्वज. त्यांच्यावरच्या जुलमाचा हिशेब त्यांच्याच पणतवंडांकडे मागणं, हे मला कधी उमगलेलं नाही.

५. विहिरीत पाव टाकून अख्खी गावं बाटवली, हे खरं का?

वसई-गोव्याकडे ही गोष्ट प्रत्येकाने आजीकडून ऐकलेली असते. पाद्र्याने रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव पाणी प्यालं, नंतर कळलं, आणि गाव बाटलं. अमुक गावी अमुक दिवशी हे घडलं असं छातीठोक सांगणं अवघड आहे. पण गोष्ट पटते, कारण ती ज्यावर चालते ते यंत्र खरं होतं. पाद्री फार तर पाव टाकेल. "तुम्ही बाटलात, आता परत यायचं नाही" हे सांगणारा पाद्री नव्हता, जातगंगा होती. दार बाहेरून ढकललं गेलं असेल, कडी आतून लागली.

ती कडी उघडण्याचे प्रयत्नही झाले. १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकरांनी गोव्यातल्या गावडा समाजाच्या हजारो ख्रिस्ती माणसांना शुद्धी करून परत हिंदू धर्मात घेतलं. त्यांना पुढे कितीतरी वर्षं "नवहिंदू" म्हणून वेगळंच ओळखलं गेलं.

६. मिशनरी इंग्रज सरकारनेच आणले ना?

सुरुवातीला उलटंच होतं. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी म्हणजे डोकेदुखी वाटायचे; लोक बिथरले तर धंदा बुडेल ही भीती. विल्यम केरीला बंगालात डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात आसरा घ्यावा लागला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवायचे हुकूम होते. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. पुढे मात्र लोकांना राज्य आणि मिशन एकच दिसू लागलं, आणि त्याला कारणही मिळालं: १८५० चा कायदा. धर्म किंवा जात सोडली म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. कायदा म्हणून आज तो साधा वाटतो. त्या काळच्या बापाला वाचताना काय वाटलं असेल ते उघड आहे. पोरगं जाणार, आणि शेतही घेऊन जाणार.

७. एकोणिसाव्या शतकातले शिकलेसवरलेले मराठी लोकही मिशनऱ्यांवर का चिडले?

एक तर बोलण्याची पद्धत. चौकात उभं राहून दुसऱ्याच्या देवाची टवाळी करणारं प्रवचन कुणाला आवडेल? मोरभट दांडेकरांनी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनशी १८३१ मध्ये वाद घातला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांना जाहीर उत्तरं देत बसले. हा राग शब्दांचा होता, आणि शब्दांनीच फेडला गेला. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

खरी ठिणगी पडायची ती शाळांत. १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि आईबापांनी धडाधड मुलं काढून घेतली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण झालं. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता, श्रीपत अजून अल्पवयीन. बापाने कोर्टात जाऊन त्याला परत मिळवला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला मुलगा जातीत कसा घ्यायचा? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणाले, तर सनातनी मंडळी जांभेकरांवरच तुटून पडली. मुलगा गमावल्याचा राग मिशनवर, आणि परत आलेल्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारे आपलेच.

८. मिशनरींकडे नुसता चहा प्याला म्हणून लोकमान्य टिळकांवर बहिष्कार पडला, ही दंतकथा की इतिहास?

इतिहास. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक, रानडे असे चाळीसेक जण होते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शंकराचार्यांपर्यंत खटला गेला. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. मिशनने यात कुणालाही बाटवलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. सगळा गदारोळ घरचाच.

९. पंडिता रमाबाईंवर पुणे का उलटलं?

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तरीही १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं तेव्हा रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळावर होते, कारण विधवांना शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं आणि धर्मप्रचार होणार नाही असा शब्द होता. सदन पुण्यात आलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मला दोन्ही बाजू कळतात. शब्द दिला होता, आणि उघडं दार तितकंही निष्पाप नव्हतं, असं म्हणायला जागा आहे. पण ज्या विधवा मुलीचं घरात कुणालाच काही पडलेलं नव्हतं, ती प्रार्थनेला बसली म्हणताच अख्ख्या शहराला आपली वाटू लागली, हेही तितकंच खरं. दुष्काळांत रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणल्या तेव्हा त्यांच्यावर हक्क सांगायला फारसं कुणी आलं नाही.

१०. लोक तांदूळ-गव्हासाठीच ख्रिस्ती झाले ना?

काही झाले. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मिशनच्या आवारात अन्न होतं, काम होतं. नगर भागात महार-मांग वस्त्यांतून बाप्तिस्म्याला रांगा लागल्या त्या याच सुमारास. खुद्द मिशनऱ्यांमध्येही यावर भांडणं होत: पोटासाठी आलेल्याला घ्यावं का?

पण नुसत्या धान्यावर हिशेब लावला तर पुढचं काही समजत नाही. धान्य संपल्यावर लोक परत का गेले नाहीत? कारण तिथे पोराला पाटी मिळाली होती, आणि मास्तर त्याला वर्गात बसू देत होता. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे घेतलं, जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि दोघांपैकी कुणीही ख्रिस्ती झालं नाही. गावच्या विहिरीवर ज्याला पाणी भरू देत नव्हते त्याने "फक्त तत्त्वासाठी" धर्म बदलावा, ही अपेक्षा विहिरीच्या मालकाने करू नये.

११. धर्मांतर करणं-करवणं कायद्याने गुन्हा आहे का?

स्वतः धर्म बदलणं गुन्हा नाही. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. मात्र १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळ, फसवणूक किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. पुढे गुजरात, हिमाचल, उत्तराखंड, उत्तर प्रदेश अशी यादी वाढत गेली. वाद असतो तो "आमिष" कशाला म्हणायचं यावर. मोफत औषध? शाळेची फी माफ? की "देव तुझं भलं करेल" हे आश्वासन?

१२. ख्रिस्ती होऊनही आरक्षण घेतात, हा दुटप्पीपणा नाही का?

अनुसूचित जातीचं आरक्षण ख्रिस्ती झाल्यावर मिळत नाही. १९५० च्या आदेशात ते हिंदूंपुरतं होतं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही अट काढा म्हणून शिफारस केली, ती तशीच पडून आहे. म्हणून काही जण रविवारी चर्चला जातात आणि दाखल्यावर हिंदू राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला संविधानाशी फसवणूक म्हटलं.

कायदा तसा आहे, तर तो पाळावा. पण माझा एक सवाल आहे: धर्म बदलल्यावर जात जाते, हे कुणाला अनुभवाने माहीत आहे? गावात नाही जात. चर्चमध्येही नाही (प्रश्न १७).

आदिवासींचं वेगळं. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, आणि तिथला राग त्यामुळेच जास्त धारदार आहे.

१३. आदिवासी भागात इतकी हिंसा का होते?

कारण तिथे वाटणीचा सवाल थेट पोटाशी येतो. डिसेंबर १९९८ मध्ये गुजरातच्या डांगमध्ये प्रार्थनाघरं जाळली गेली. २३ ऑगस्ट २००८ रोजी ओडिशातल्या कंधमाळमध्ये विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद यांचा खून झाला. माओवाद्यांनी जबाबदारी घेतली, पण सूड ख्रिस्ती वस्त्यांवर निघाला. सरकारी हिशेबाने चाळीसच्या आसपास माणसं मेली आणि हजारो घरं जळाली. बाहेरून हा हिंदू-ख्रिस्ती दंगा दिसतो. आत कंध आणि पाण या दोन समाजांचं जुनं भांडण होतं: कंध अनुसूचित जमातीत, पाण अनुसूचित जातीत. पाणांपैकी बरेच ख्रिस्ती झाले, म्हणून आरक्षणाला मुकले. आमचीही भाषा कुई, आम्हालाही जमात म्हणा, ही त्यांची मागणी. कंधांना त्यात आपली जमीन आणि आपला वाटा जाताना दिसला.

दुसरी जागा स्मशानाची. बस्तरमध्ये एका ख्रिस्ती कुटुंबाला गावात आपलं माणूस पुरू दिलं नाही. प्रेत तीन आठवडे शवागारात राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मतं वेगळी पडली आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचं ठरलं. गावाचं म्हणणं होतं की गावदेवाच्या जमिनीत परका नको. तो माणूस जन्मला त्याच गावात.

१४. ग्रॅहम स्टेन्सचं काय प्रकरण होतं?

ऑस्ट्रेलियन मिशनरी. ओडिशात बारीपदा इथे कुष्ठरोग्यांत काम करायचा. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात रात्री गाडीत झोपलेला असताना त्याला आणि त्याच्या दहा व सहा वर्षांच्या मुलांना जाळून मारण्यात आलं. मुख्य आरोपी दारासिंग याला जन्मठेप झाली. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं आणि २००४ पर्यंत तिथेच काम केलं. "पण तो धर्मांतर करत होता" असं अजूनही कुणी मला सांगतं. सहा वर्षांचं पोर काय करत होतं, एवढंच मी विचारतो.

१५. परदेशातून पैसा येतो ना?

येतो, चर्चला येतो तसा इतर धर्मांच्या संस्थांनाही येतो. त्यावर १९७६ पासून कायदा आहे, २०१० मध्ये नवा आला आणि २०२० मध्ये आणखी कडक झाला. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपया घेता येत नाही. आमच्या गावच्या चर्चचं छप्पर अजून गळतंय, एवढं सांगून पुढे जातो.

१६. शाळा-दवाखाने काढले ते धर्मांतरासाठीच ना?

काढणाऱ्यांच्या मनात ते होतंच, त्यांनी लपवलंही नाही. पण मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात किंवा विल्सन कॉलेजात जाऊन आलेल्या लाखो माणसांपैकी ख्रिस्ती किती झाले, ते आपल्या आसपास पाहून ठरवा. साधन म्हणून हे फारच कुचकामी ठरलं.

१७. ख्रिस्ती लोकांचं काहीच चुकत नाही का?

चुकतं. दुसऱ्याच्या देवाला सैतान म्हणणारी पत्रकं अजून वाटली जातात, आणि आमच्यातलेच काही पास्टर ती वाटतात. "प्रार्थनेने कॅन्सर बरा" असे फलक लावून आजाऱ्याची औषधं थांबवणारेही आहेत. आमचाच मार्ग खरा, हे मनात मानणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या देवघरात उभं राहून ऐकवणं वेगळं. अनेक देवांत वाढलेल्या माणसाला ते झोंबतंच.

आणि जात. गोव्यात बामण आणि चार्डो (क्षत्रिय) ख्रिस्ती आजही लग्न जमवताना जात बघतात. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसासाठी दफनभूमीत वेगळी भिंत होती. नगरकडे पूर्वाश्रमीचा महार की मांग, हे मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) निवडणुकीत बरोबर आठवतं.

१८. फादर दिब्रिटोंच्या संमेलनाध्यक्षपदाला विरोध का झाला? ते तर मराठी लेखक होते.

म्हणूनच हे प्रकरण बोलकं आहे. वसईच्या नंदाखालचे फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसईच्या लढ्यात बिल्डर-गुंडांविरुद्ध उभे राहिलेले. २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनासाठी त्यांची निवड झाली आणि साहित्य महामंडळाकडे धमक्यांचे फोन सुरू झाले. लेखन कमी पडतं असा आक्षेप असता तर चर्चा झाली असती. आक्षेप झग्यावर होता. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झालं, आणि अध्यक्षही तेच राहिले.

१९. माझ्या भावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलाय. वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा वाटा गेला का?

नाही. धर्म बदलला म्हणून त्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण हिंदू वारसा कायद्याचं २६ वं कलम वाचा: धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुलं हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारस होत नाहीत, वारसा खुला होताना ती हिंदू असतील तरच होतात. आधी जन्मलेल्या मुलांना ही आडकाठी नाही. म्हणजे एकाच घरात थोरल्याला वाटा आणि धाकट्याला नाही, असं होऊ शकतं. मृत्युपत्राने मात्र कुणालाही देता येतं. आणखी एक: हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण ठरतं, तेव्हा भावजयीशीही बोला.

"तू धर्म सोडलास, आता हक्कसोडपत्रावर सही कर" असं भावकीने म्हटलं तर सहीची घाई करू नये; ते पत्र नोंदलं गेलं की हक्क खरोखर जातो. नुसतं "धर्म बदलला" या कारणावर तलाठी सातबाऱ्यावरचं नाव कमी करू शकत नाही.